ओल्या हातमोज्याचं गाणं

शोवा ५९ (१९८४), ३ नोव्हेंबर, शनिवार

हिशेबाच्या वहीत उजवीकडचं पान कोरंच राहतं. वेगळी वही आणण्यापेक्षा तिथेच लिहीन म्हणते. बोलायला माणूस नसलं की पान तरी हवं.

काल सानाएचा नागोयाहून फोन आला. ठरलं. फेब्रुवारीत यांच्या सातव्या वर्षाचा विधी झाला की मी लेकीकडे कायमची राहायला जायचं. एप्रिलमध्ये तिला दुसरं होणार, पहिला अजून तिनाचा. जावईसुद्धा फोनवर येऊन "आई, या" म्हणाले. चोवीस फेब्रुवारी धरली आहे.

भाऊजींना जेवताना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि साराचा रिकामा वाडगा तोंडाला लावून बराच वेळ पीत बसले.

मला घोर लागलाय तो त्यांचाच. हे गेल्यापासून तातामीच्या गवती चटयांचं दुकान तेच एकटे ओढतात. मी काठाच्या कापडी पट्ट्या कापून देते, गिऱ्हाइकांचं बघते, दोन्ही वेळचं रांधते. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, लग्न नाही, भात लावता येत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितल्यापासून मी सारातला खारट मिसो निम्म्यावर आणलाय, त्यांना न सांगता. सांगितलं तर म्हणतील बेचव लागतंय. मी गेल्यावर हे कोण करणार?

अमिदा बुद्धापुढे बसून ठरवलं. जायच्या आत तोकुजी भाऊजींचं लग्न लावून द्यायचं.

५ नोव्हेंबर, सोमवार

सुकटीच्या दुकानातल्या मियाता काकूंकडे गेले. या गावात निम्मी लग्नं त्यांनीच जमवलीत.

"तोकुजीला बायको?" काकू हसत सुटल्या. "अगं, दुकानात बाई आली तर तो तिच्या पायांकडे बघून बोलतो. तातामीचं माप घेतोय की बाईचं, कळत नाही."

"स्वभाव आहे तो. मनाने सोनं आहे."

"सोनं पेटीत ठेवलं तर कोणाला दिसणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "जुन्या काळी असतं ना, तर वडीलधाऱ्यांनी घरातल्या घरात मिटवलं असतं."

"म्हणजे काय?"

"काही नाही. माझी सुकट ओली होतेय बघ."

मग नूडलवाल्या किनुयोचं नाव काढलं. विधवा, चव्वेचाळीस वर्षांची, हाताला चव. मला पसंत आहे. भाऊजींच्या कानावर घातलं तर म्हणाले, "वहिनी, डिसेंबर जाऊ दे. नववर्षाची कामं आहेत."

१० नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी दुपारी एक ते दोन जेवण निवत पडतं. भाऊजी रेडिओजवळून हलत नाहीत. आज म्हटलं बघू तरी काय आहे, म्हणून पट्ट्या कापायला तिथेच बसले.

कार्यक्रम असा आहे. ज्यांना कोणावर तरी प्रेम आहे पण सांगायचा धीर होत नाही, असे लोक खोट्या नावाने पोस्टकार्ड टाकतात आणि धीर येईल असं गाणं मागतात. गाणं ऐकायचं, जायचं, सांगून यायचं. मग काय झालं त्याचं दुसरं कार्ड टाकायचं, ते निवेदक वाचतो. पोरंठोरं लिहीत असतील असं वाटलं होतं, पण आज एका साठीच्या न्हाव्याचं होतं. होकार मिळाला म्हणे.

शेवटचं कार्ड 'ओला हातमोजा' या नावाचं. काय तरी नाव. निवेदक म्हणाला, हे गृहस्थ उन्हाळ्यापासून दर आठवड्याला लिहितात, दर वेळी एकच गाणं मागतात, आणि निकालाचं कार्ड काही येत नाही.

गाणं असं, की एक माणूस धक्क्यावर उभा आहे आणि ती जहाजावर.

आज सांगेन, आज सांगेन,
दोरखंड सुटला, जहाज हललं,
आता तरी ओरडू दे मला.

मग तो ओरडतो, नेमकी तेव्हाच जहाजाची शिट्टी वाजते. मी भाऊजींना म्हटलं, "शिट्टी वाजायच्या आधी ओरडायला काय झालं होतं याला?"

भाऊजींनी सुई ओढली आणि कोपराने शिवण दाबली. "धीर नसेल झाला," म्हणाले.

"उन्हाळ्यापासून?"

त्यांनी पुढचा टाका घातला.

२४ नोव्हेंबर, शनिवार

देवळात पंथाच्या आद्य आचार्यांच्या पुण्यतिथीचा स्वयंपाक आम्हा बायकांकडे होता. पन्नास पानं. लाल बीन शिजवताना तिथेही रेडिओ लावलेला. ओला हातमोजा सगळ्यांना माहीत आहे. कोणी म्हणतं पोस्टमन, कोणी म्हणतं दंतवैद्य.

आज त्याने लिहिलं होतं, 'माझ्या तब्येतीसाठी ती सारातलं मीठ कमी करते आहे. मला कळत नाही असं तिला वाटतं. मीही कळू देत नाही. गेल्या तीन महिन्यांत जगात इतकं चवदार काही मी प्यायलो नाही.'

बायकांनी एप्रन डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "या जिल्ह्यात घरोघरी हेच चाललंय. रेडिओवरच्या डॉक्टरने सांगितल्यापासून सगळ्यांनी मीठ कमी केलंय. त्याच्या बाईचं काय मोठंसं कौतुक?"

मियाता काकूंना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

८ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून गडगडतंय. हिवाळ्यातला गडगडाट म्हणजे समुद्रात मोठी मासळी आली. काकूंनी मानेजवळचा तुकडा दिला, मुळ्याबरोबर शिजवला.

दुकानात अकरा घरांच्या तातामी पडल्यात, नववर्षाच्या आत सगळ्यांना नवं गवत हवं. किनुयोचा विषय तीनदा काढला. पहिल्यांदा भाऊजींना दोरा सापडेना. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, तुम्हाला जायची फार घाई आहे का?"

"घाई माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे."

"मला नाही घाई."

कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटलं. अडीच महिने राहिलेत आणि हा माणूस दोरा शोधतोय.

रेडिओवरचा तोही तसलाच. आजचं कार्ड, 'रोज संध्याकाळी मी तिच्या मागे बसतो. मला तिची पाठच दिसते. पाठीला सांगायचा तरी धीर होईल म्हणून रोज प्रयत्न करतो.' मला वाटतं हा कुठल्या तरी कचेरीत काम करतो. संध्याकाळची पाळी असेल.

देव्हाऱ्यासमोर स्तोत्र म्हणताना आज माझी एक ओळ चुकली. मागून भाऊजींनी सांभाळून घेतली.

२२ डिसेंबर, शनिवार

आज मी एक चोरटं काम केलं.

त्या ओल्या हातमोज्याने डोकं उठवलंय. आजही तेच गाणं. आता ते माझ्याही तोंडात बसलंय, भांडी घासताना 'दोरखंड सुटला' सुरू होतं आणि मग मला माझाच राग येतो. म्हणून कार्ड लिहिलं. 'ओल्या हातमोज्यास. ती बाई म्हणजे काही बुद्ध नव्हे, तुमच्या मनातलं ओळखायला. तोंडाने सांगा, नाहीतर सोडून द्या. तिलाही सामान बांधायचं असेल. तुमचं हे कुढणं ऐकून लोकांचं जेवण गार होतं.' खाली नाव घातलं 'उकडलेला मुळा'. चुलीवर तोच होता.

या वयात रेडिओला पत्र लिहिते हे कोणाला कळायला नको. म्हणून नववर्षाच्या शुभेच्छांच्या कार्डांचा गठ्ठा होता, एकशेवीस कार्डं, त्याच्या बरोब्बर मध्ये सरकवलं. भाऊजी दर वर्षीप्रमाणे त्यांवर दुकानाचा शिक्का मारून पेटीत टाकून आले. नाकाचा शेंडा लाल झाला होता. बर्फ फार आहे.

२९ डिसेंबर, शनिवार

माझं कार्ड वाचलं.

खरं तर मला सकाळीच काकूंनी घाबरवलं होतं. त्या म्हणाल्या, रबर लावून टाकलेला शुभेच्छांचा गठ्ठा टपालवाले एक तारखेपर्यंत फोडतच नाहीत. मला हे सुचलंच नव्हतं, इतकी वर्षं पाठवते तरी. म्हटलं आता जानेवारीत वाचतील. आणि आज दुपारी 'उकडलेला मुळा' म्हणून निवेदक वाचायला लागला. माझं एकटीचं कार्ड गठ्ठ्यातून निसटून आधी कसं गेलं, अमिदालाच माहीत. सामान बांधायचं ते वाक्य मात्र त्याने गाळलं. वेळ नसेल.

भाऊजींच्या बोटात सुई गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पट्टी बांधली तर हात थंडगार.

शोवा ६०, १२ जानेवारी, शनिवार

ओल्या हातमोज्याने आज लिहिलं, 'मुळ्याचे आभार. बरोबर आहे. सोडून देतो. हे शेवटचं कार्ड, गाणं नको.' निवेदकाचाही आवाज पडला. त्याने पाण्याच्या आवाजाची कसलीशी धून लावली.

मी सांगा म्हटलं होतं. हा घरी निघून गेला. वाक्याचा पहिला भाग असल्यांना ऐकूच येत नाही का?

संध्याकाळी भाऊजी आपण होऊन म्हणाले, "वहिनी, किनुयोबाईंना भेटतो."

दोन महिने याच्यासाठी रक्त आटवलं. आणि आज आनंद व्हायच्या ऐवजी मी भात करपवला. तसाच खरवडून खाल्ला, टाकवत नाही.

२० जानेवारी, रविवार

भेट झाली. देवळातल्या मागच्या खोलीत. भाऊजींना यांचा कोट दिला होता, खांद्यात बसतो. मीच इस्त्री केली. चांगले दिसत होते.

मी घरी बसून यांच्या फोटोची काच पुसली. तीनदा. डाग नव्हता.

२४ जानेवारी, गुरुवार

किनुयो स्वतः आली, भेटीत आम्ही दिलेली मिठाईची पेटी परत द्यायला.

"फुसाएताई, माणूस लाख आहे. पण नाही."

"काय चुकलं? बोलले नाहीत ना?"

"नाही कसे? दोन तास बोलले. तुम्ही पट्टी दोन बोटं जास्त का कापता. तुम्ही गोगलगाय उचलून बाहेर कशी सोडता. तुम्ही बर्फ उपसताना कुठलं गाणं गुणगुणता आणि कुठे सूर चुकतो. मी म्हटलं, आता तुमच्याबद्दल सांगा. तर म्हणाले, ते वहिनींना विचारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच त्यांना पंगू करून ठेवलंय. स्वतःचं काही बोलताच येत नाही. तिला तसं म्हटलंही.

किनुयोने माझ्याकडे टक लावून बघितलं. "ताई, तुम्ही रेडिओ ऐकत नाही का?"

"ऐकते की. दर शनिवारी."

"मग ठीकच आहे," म्हणाली आणि हसत गेली. लोकांना कशाचं हसू येतं कळत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

यांच्या सातव्या वर्षाचा विधी पार पडला. सानाए, जावई, नातू येऊन गेले. सानाए जाताना काकांना म्हणाली, "काका, आईला आता मी नेते हं. तुम्ही खूप केलंत." काकांनी मान खाली घातली.

सगळं नीट झालं. तरी दिवसभर मी प्रत्येकावर खेकसत होते. देवळातले पुजारी येऊन बसले तर त्यांच्या पुढ्यात चहाऐवजी नुसतं गरम पाणी ठेवलं. ते पिऊन गेले.

१६ फेब्रुवारी, शनिवार

लिहायचं की नाही, विचार करते आहे. लिहिते.

दुपारी माझी पेटी बांधायला भाऊजी सुतळी घेऊन आले. तातामी बांधतात तशी गाठ मारत होते. माझं पित्त खवळलं. किनुयोचं सगळं काढलं. "एवढी चांगली बाई. एक शब्द स्वतःचा बोलला असतात. माझं कौतुक कशाला सांगत बसलात तिथे? मी चालले. मग या घरात कोण आहे तुमचं?"

ते गाठीकडे बघत म्हणाले, "सोडून द्या म्हणालात, सोडलं. सामान बांधायचं असेल म्हणालात, बांधून देतोय. आता गाठ तरी घट्ट मारू द्या."

मी म्हटलं, "असं मी कधी म्हणाले?" आणि म्हणता म्हणताच थांबले. सामान बांधायचं ते वाक्य निवेदकाने वाचलंच नव्हतं. ते फक्त कार्डावर होतं. कार्ड गठ्ठ्यात होतं. गठ्ठ्यावर शिक्के भाऊजींनी मारले. आणि सोडून द्या असं मी भाऊजींना लिहिलं नव्हतं, ओल्या हातमोज्याला लिहिलं होतं.

मीठ. पाठ.

मी काय करावं? मी म्हटलं, "कात्री आणा जरा." ते कात्री आणायला गेले. मी ती घेतली, आणि कापायला काहीच नव्हतं, म्हणून परत दिली.

देवा, माझ्या तोंडाला काय झालं होतं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

चहा ठेवते, ते पितात. "बर्फ पडतोय." "हो, पडतोय."

आता वाटतं, त्यांना कळलंय की मला कळलंय. मला कळलंय की त्यांना कळलंय. आणि दोघं बर्फाबद्दल बोलतो.

२० फेब्रुवारी, बुधवार

यांच्या फोटोला विचारलं. हे नेहमीसारखे बघत राहिले. जिवंत होते तेव्हाही कुठल्या गोष्टीवर पटकन उत्तर द्यायचे नाहीत. या घराण्यातच आहे ते.

मला तरी काय हवंय? चाळीस वेळा विचारलं स्वतःला. नागोयाच्या खोलीत मी असेन, सकाळी उठेन, आणि सार करताना मिसो किती घालायचा याचा विचार करावा लागणार नाही. एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्रेपन्न वर्षांची बाई मी. लोक हसतील. हसतायतच, असं दिसतंय.

२३ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सकाळी नऊची गाडी होती.

दुपारी एकला दुकानातून रेडिओचा आवाज आला. ताकाओकाच्या एका शाळकरी मुलीचं कार्ड. परीक्षेनंतर सगळे पांगतील, त्याआधी वर्गातल्या एकाला सांगायचंय. ओल्या हातमोज्याचं गाणं लावा म्हणे, त्यांचं राहिलं, माझं राहू नये.

मी ओटीवर फोनजवळ उभी होते. गाणं सुरू झालं. त्या माणसाचा मला एवढा राग आला, धक्क्यावरच्या, की मी फोन उचलला. सानाएच्या लग्नापासून मी कधी दिवसा फोन केला नाही, रात्री आठनंतर दर उतरल्यावरच करते.

"आई? काय झालं? दिवसा कसा फोन?"

"काही नाही. मी उद्या येत नाही."

"का? बर्फ फार आहे का?"

"हो," मी म्हटलं. "बर्फ." आणि ठेवून दिला.

म्हणजे बघा. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी बाई. तिकडे दुसरं कडवं संपत आलं होतं. मी परत नंबर फिरवला.

"सानाए, बर्फाचं खोटं होतं. मला इथंच राहायचंय. तुझ्या काकांबरोबर."

"दुकानाची काळजी वाटते का? आपण काहीतरी—"

"दुकानाचं नाही. मला ते आवडतात."

तिकडे नातू काहीतरी आपटत होता.

"बाबांचा विधी होऊन पंधरा दिवस नाही झाले, आई."

"तेरा झाले."

"आणि एप्रिलमध्ये मी काय करू?"

"येईन की. चांगली दोन महिने राहीन. मग घरी परत येईन."

"घरी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रडत होती की रागावली होती, कळलं नाही. लेकीला मी दुखावलं. हे कशानेही झाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दुकानात गेले. गाणं संपून कसलीशी जाहिरात चालू होती. भाऊजी तातामीवर वाकलेले, हातात सुई, सुईत दोरा नाही.

"ऐकलंत?"

"दार उघडं होतं."

"मग?"

ते बिनदोऱ्याच्या सुईनेच टाका घालायला लागले. मी म्हटलं, "मी नागोयाला सांगून मोकळी झाले. तुम्ही अजून रेडिओलाच सांगताय."

त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. मग म्हणाले. दोनच शब्द, तेही तातामीला.

"तातामीला नका सांगू," मी म्हटलं. "तिला काय करायचंय?"

तेव्हा मान वर केली. कान लालभडक झाले होते, डोळ्यांत पाणी. परत म्हणाले. आवाज फार लहान होता. मी त्यांना तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी दोघांनी मिळून पेटी सोडली. त्यांची गाठ इतकी घट्ट की शेवटी सुतळी कापावी लागली, चांगली सुतळी वाया गेली. सानाएचा फोन आलेला नाही. उद्या मीच करीन. तिने ठेवला तर परवा करीन.